एकच गादी, दोन रिपोर्ट, दोन वाटा: भावाचं मणक्याचं ऑपरेशन कुठनं करायचं?

मच्छेकर · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. डोकं चालेना म्हणून इथं टाकतोय.

माझा थोरला भाऊ, वय ४४, उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डिंगला आहे. दिवाळीच्या आधी एक कास्टिंग उचलताना कमरेत कट्टदिशी वाजलं. आठ दिवस कंबर दुखली, मग कंबर राहिली आणि डावा पाय सुरू झाला. कुल्ल्यापासून पोटरीच्या मागनं टाचेपर्यंत, पार करंगळीपर्यंत वीज उतरल्यासारखी कळ. खोकला आला तरी पाय धरून बसतो. गोळ्या झाल्या, फिजिओ झालं, कमरेत इंजेक्शन झालं. त्यानं पंधरा दिवस बरं वाटलं, मग परत तेच. आता डाव्या चवड्यावर उभं राहता येत नाही. चालताना चप्पल मागं राहते, त्याला कळतही नाही.

दिवाळीनंतर बेळगावातच एमआरआय काढला. रिपोर्टात 'एल५-एस१, डावीकडं, गादीचा तुकडा बाहेर पडून खाली सरकलेला'. (गादी म्हणजे दोन मणक्यांच्या मधली चकती.) गेल्या आठवड्यात दुसरं मत घ्यायला कोल्हापूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी परत एमआरआय काढायला लावला. त्यात तोच तुकडा, तीच बाजू, पण जागा लिहिलीय 'एल४-एल५'. म्हणजे गादी एक मजला वर चढली काय?

बेळगावचे डॉक्टर म्हणतात, कमरेच्या बाजूनं दुर्बीण घालून तुकडा काढू, जागेवरच भूल, पेशंट जागा राहील. कोल्हापूरचे म्हणतात, पाठीमागनंच जावं लागेल, नळीतनं, थोडं हाड घासून, पूर्ण भूल देऊन.

आई म्हणते, ज्यांना मणक्याचा नंबर ठरवता येईना त्यांच्या हातात पोराची पाठ कशी द्यायची? मला तिला उत्तर देता आलं नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

गणपतगल्ली · रविवार, रात्री ९.५२

काय ओ मच्छेकर, दोघांच्या भानगडीत पडू नका. सरळ गोव्याला नाहीतर हुबळीला नेऊन तिसऱ्याला दाखवा.

मच्छेकर · रविवार, रात्री ९.५५

म्हणजे तिसरा नंबर येईल.

निवृत्त_सिस्टर · रविवार, रात्री १०.१०

बाकीचं नंतर. आधी एवढं सांग बाळा, दादाला लघवी व्यवस्थित होते का? अडते किंवा नकळत होते असं काही? आणि बसायच्या जागी, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर लागतं का? यातलं एक जरी असेल तर मोबाईल ठेव आणि रात्रीच्या रात्री दवाखाना गाठ. त्यात तास मोजायचे असतात, मतं नाहीत.

मच्छेकर · रविवार, रात्री १०.१८

नाही सिस्टर, आत्ताच विचारलं. तसलं काही नाही. फक्त पाय.

उचगाव_पाटील · सोमवार, सकाळी ६.३०

ऑपरेशन नको. आमच्याकडं एक म्हातारबाबा आहेत, तेल लावून मणका बसवतात. माझ्या मेव्हण्याची गादी तीन बैठकीत जागेवर.

काळी_फिल्म · सोमवार, सकाळी ७.०५

पाटीलकाका, मेव्हण्याची कंबर धरली असंल, ती सुटली. चांगलंच झालं. पण ह्यांच्या भावाच्या पायातली ताकद चाललीय. तिथं मणक्याला कुणी हिसका देऊ नये, हात जोडून सांगतो.

मी डॉक्टर नाही. वीस वर्षं एमआरआयच्या मशीनपुढं बसतोय. दिवसभर "अलुगाडब्याड्री, अलुगाडब्याड्री" म्हणत. (मराठी माणूस असला तरी तोंडातनं कानडीच येतं. "हलू नका" म्हटलं की लोक "आँ?" म्हणून हलतातच.)

मच्छेकर, गादी वर चढलेली नाही. मोजणी बदललीय. कमरेचे मणके पाच, त्याखाली सेक्रम, म्हणजे माकडहाडाच्या वरचं ते त्रिकोणी हाड. रिपोर्टात कमरेच्या मणक्यांना 'एल' आणि सेक्रमच्या तुकड्यांना 'एस' लिहितात. हे झालं पुस्तकात. पण काही जणांचा पाचवा मणका जन्मापासनंच सेक्रमला चिकटलेला असतो, अर्धा नाहीतर पूर्ण. काहींचं उलटं, सेक्रमचा पहिला तुकडा सुटा राहून कमरेला सहा मणके दिसतात. दुखणं काही नसतं, त्या माणसाला आयुष्यभर पत्ता नसतो. घोळ होतो तो मोजायला बसल्यावर.

कमरेच्या साध्या एमआरआयमध्ये छातीचे शेवटचे दोनचार मणके आणि खाली सेक्रम एवढंच येतं. मान दिसत नाही. मग मोजणारा खालनं सुरू करतो: सगळ्यात खालची मोकळी गादी ती एल५-एस१, त्याच्यावरची एल४-एल५. ह्यांच्या भावाचा पाचवा जर सेक्रमला चिकटला असेल, तर सगळ्यात खालची मोकळी गादी खरं तर एल४-एल५ ठरते. हे कळायला वरनं मोजावं लागतं, मानेच्या दुसऱ्या मणक्यापासनं खाली. त्यासाठी अख्ख्या कण्याचं एक धावतं चित्र काढायचं, मिनिटभराचं काम. कुणी काढतं, कुणी नाही.

दुसऱ्या फिल्ममध्ये कोपऱ्यात एक अरुंद, लांब चित्र आहे का बघा. मान ते माकडहाड एकाच फोटोत.

मच्छेकर · सोमवार, दुपारी १.२०

जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन फिल्म खिडकीला लावून बघितली. आहे! डाव्या कोपऱ्यात, बोटाएवढ्या रुंदीचं. मणक्यांवर बारीक आकडे पण घातलेत. पहिल्या फिल्ममध्ये असलं काही नाही.

आणि दुसऱ्या रिपोर्टात तिसऱ्याच ओळीला 'पाचव्या मणक्याचं डावीकडं सॅक्रलायझेशन' असं आहे. आम्हाला वाटलं हा आणखी एक आजार. आईला सांगितलाच नव्हता.

काळी_फिल्म · सोमवार, दुपारी १.४१

बघा. सॅक्रलायझेशन म्हणजे तेच, मणका सेक्रमला चिकटणं. आईंना आजच सांगा, निम्मं ओझं उतरंल.

निपाणीचा_पोरगा · सोमवार, रात्री ११.१५

मूळ निपाणीचा, सध्या पुण्यात मणक्याच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतोय. ड्यूटी संपवून लिहितोय. पेशंट बघितलेला नाही, तेव्हा सल्ला म्हणून घेऊ नका. चित्र कसं वाचतात तेवढं सांगतो.

काळी_फिल्म काकांनी मोजणीचं बरोबर सांगितलं. त्यात भर अशी की मणका चिकटलेल्या माणसात नसांची कामंही कधी कधी एका घराने सरकलेली असतात. साधारणपणे एल४-एल५ची गादी पाचवी नस दाबते, आणि पाचवी गेली की पायाचा अंगठा वर उचलत नाही. चवड्यावर उभं न राहणं, टाच आणि करंगळीची कळ ही एस१ नसेची भाषा. तुमच्या भावाची तक्रार एस१सारखी आणि गादी नावाने एल४-एल५, म्हणून कुणीतरी चुकलं असं लगेच धरू नका. नाव काहीही असो, सगळ्यात खालची मोकळी गादी, डावी बाजू, यावर दोन्ही रिपोर्ट एकमताने बोलतायत.

नावाला महत्त्व आहे ते टेबलावर. ऑपरेशनच्या वेळी एमआरआय काढत नाहीत, सी-आर्म नावाच्या मशीनवर क्ष-किरणात बघतात, आणि त्यात गादी दिसतच नाही, हाडं दिसतात. एमआरआयवर ज्या पद्धतीने मोजलं त्याच पद्धतीने तिथे मोजलं नाही तर एक मजला वर जाऊन चांगली गादी उघडली जाऊ शकते. म्हणून सर्जन साधा एक्स-रे आणि एमआरआय शेजारी लावतो, चिकटलेल्या मणक्याचा आकार ओळखून ठेवतो आणि टेबलावर त्यालाच खूण धरतो.

आता चित्रं. ऊस उभा चिरला की सगळी कांडी एका ओळीत दिसतात, तो उभा छेद. कुठल्या मजल्यावरची गादी काळी पडलीय आणि तुकडा वर गेला की खाली, हे त्यात कळतं. (आपण बघतो त्या चित्रात पाणी पांढरं येतं. निरोगी गादीत पाणी जास्त म्हणून ती उजळ, वाळलेली काळी.) तोच ऊस चकत्या करून कापला की आडवा छेद. तुकडा डावीकडे की उजवीकडे, मध्ये की अगदी बाहेर, आणि कुठली नस दाबतोय, ते आडव्यात. दोन्ही डोक्यात एकत्र केल्याशिवाय दुर्बिणीचं ऑपरेशन ठरत नाही, कारण आठ मिलिमीटरच्या भोकातून गेल्यावर इकडे तिकडे हुडकायला जागा नसते. उघड्या ऑपरेशनमध्ये थोडं चुकलेलं हाताने सुधारता येतं. इथे वाट चित्रावरच चालून बघायची.

बाजूची वाट अशी: दोन मणक्यांच्या मधून नस जिथून बाहेर पडते तिथे एक त्रिकोणी मोकळी जागा असते, तिला कॅम्बिनचा त्रिकोण म्हणतात. नस तिरकी बाहेर जाते, तिच्याखाली गादीपर्यंत नळी सरकवता येते. त्यासाठी आडव्या छेदावर गादीपासून कातडीपर्यंत रेघ मारायची आणि पाठीच्या मधल्या रेषेपासून किती लांब टोचायचं ते मोजायचं. बहुतेक ८ ते १४ सेंटीमीटर, अंगाने भरलेल्या माणसाला जास्त. त्या रेघेत मूत्रपिंड किंवा आतडं येत नाही ना तेही बघायचं. यात एक मेख आहे: एमआरआय उताणं झोपून काढतात, ऑपरेशन पालथं झोपवून करतात. आतडी तेवढ्यात जागा बदलतात.

आणि सगळ्यात खालच्या गादीला बाजूच्या वाटेवर खुब्याचं हाड दारात उभं असतं. कमरेवर हात ठेवून उभे राहतो तेव्हा हाताला लागते ती कड. काहींची कड खाली असते, नळी आरामात जाते. काहींची इतकी वर, की नळीचा कोन बसत नाही. त्यात तुकडा खाली सरकलेला असला की बाजूने तिथवर पोचणं आणखी अवघड. मग पाठीमागून, दोन मणक्यांच्या कमानींच्या मधल्या खिडकीतून जायचं. नेहमीच्या माणसात एल५-एस१ची खिडकी सगळ्यात रुंद. त्याच्यावरची अरुंद, तिथे हाडाची कड थोडी घासावी लागते. कोल्हापूरचे डॉक्टर "थोडं हाड घासून" म्हणाले ते बहुतेक यातूनच.

तेव्हा दोघं भांडत नाहीयेत असा माझा अंदाज. एकाने पहिला एमआरआय बघितलाय, दुसऱ्याने दुसरा. बेळगावच्या डॉक्टरांना नवीन एमआरआय दाखवलात का? आणि उभं राहून काढलेला एक्स-रे आहे का? कड किती वर आहे ते त्यात दिसतं. पुढे वाकून आणि मागे वाकून पण काढतात. झोपून घेतलेल्या एमआरआयमध्ये मणका जागेवर दिसतो आणि उभं राहिलं की पुढे घसरतो, असंही असतं. तसं असेल तर नुसता तुकडा काढून भागत नाही.

मच्छेकर · सोमवार, रात्री ११.४०

नाही दाखवलेला. मला वाटलं दुसरीकडं गेलो म्हणून रागावतील.

निपाणीचा_पोरगा · सोमवार, रात्री ११.४४

नाही रागावत. दाखवा.

वडगाव_माग · मंगळवार, सकाळी १०.०२

मच्छेकरदादा, एमआरआय ताजा काढला ते बरं केलंत. आमच्या जाऊबाई मागावर बसतात, त्यांचा पण पाय असाच धरला होता. रिपोर्टात मोठा तुकडा. घरात लग्न होतं म्हणून ऑपरेशन पुढं ढकललं, आठ महिने गेले. तोवर पाय निम्मा बरा झालेला, पण पोरं म्हणाली करूनच टाकू. डॉक्टर म्हणाले जुन्या फिल्मवर मी हत्यार धरणार नाही, नवीन काढा. काढला तर तुकडा वाळून शेंगदाण्याएवढा पण नाही. ऑपरेशन रद्द. नवीन एमआरआयचे पैसे गेले म्हणून आमचे दीर अजून कुरकुरतात.

निपाणीचा_पोरगा · मंगळवार, दुपारी २.३०

होतं असं. बाहेर पडलेला तुकडा शरीरच हळूहळू खाऊन टाकतं, आणि नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा पूर्ण तुटून पडलेला तुकडा विरण्याची शक्यता जास्त. म्हणून ताकद शाबूत असेल तर पहिले सहा ते बारा आठवडे थांबतात. मच्छेकरांच्या भावाची गोष्ट वेगळी, त्याची ताकद उतरतेय.

खानापूर_भात · मंगळवार, दुपारी ४.१५

आमच्या वडिलांच्या वेळचं सांगतो, कुठलं सेंटर ते विचारू नका. पाय दुखतोय उजवा, रिपोर्टात छापलेलं 'डावीकडं'. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचलाच नाही, आधी फिल्म लावली, मग वडिलांना झोपवून पाय सरळ वर उचलून बघितला, मग म्हणाले "टायपिंग चुकलंय". आम्ही घरातले चार शिकलेले, आठवडाभर तो कागद वाचत होतो. एकाच्याही लक्षात आलं नाही.

काळी_फिल्म · मंगळवार, सायंकाळी ७.२०

ह्याच्यासाठीच कानीकपाळी ओरडतोय, सीडी आणत जावा. लोक फिल्मचा मोबाईलवर फोटो काढून पाठवतात, त्यात ट्यूबलाइट, मागचं कॅलेंडर आणि पाठवणाऱ्याचा अंगठा दिसतो. फिल्मवर आम्ही निवडक चित्रं छापतो. सीडीत सगळी असतात, मोठी करता येतात, मोजता येतात. ती निपाणीकरांनी सांगितलेली रेघ सीडीवरच मारता येते.

निवृत्त_सिस्टर · मंगळवार, रात्री ८.४५

तुमचं वाचून आमचे दिवस आठवले. एमआरआय कुठलं आलंय! मिरजेला होते तेव्हा मायलोग्राम करायचे. पाठीत सुई घालून रंग सोडायचा, टेबल तिरकं करायचं, रंग खाली उतरताना एक्स-रे काढत राहायचे. रंग जिथं अडला तिथं गादी. पेशंट नंतर दोन दोन दिवस डोकं धरून पडायचा. आणि मग वीतभर चीर. आता पोरं दुसऱ्या दिवशी चालत घरी जातात.

उचगाव_पाटील · मंगळवार, रात्री ९.१०

ठीक आहे, मी माघार घेतो. पण माझी स्वतःची गादी पण फुगलीय रिपोर्टात, वय ६३. मग मी काय करायचं?

निपाणीचा_पोरगा · मंगळवार, रात्री १०.३०

दुखतं का काका?

उचगाव_पाटील · मंगळवार, रात्री १०.३४

कुठलं दुखतंय. नांगरतो अजून.

निपाणीचा_पोरगा · मंगळवार, रात्री १०.४०

मग तो रिपोर्ट कपाटात ठेवा. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा एकत्रित आढावा २०१५ साली छापून आलाय. विशीतल्या धडधाकट माणसांतही साधारण ३० टक्के जणांची गादी फुगलेली, आणि ऐंशीच्या लोकांत ८४ टक्के. केस पांढरे होतात तसंच आहे ते. चित्र आणि दुखणं जुळलं तरच हात लावायचा.

सीमावासी_८६५ · बुधवार, सकाळी ९.००

मुळात आपल्या माणसांना कोल्हापूरला का पळावं लागतं? २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आरोग्य योजना जाहीर केली, तेव्हा इकडच्या सरकारनं काय केलं...

धागा_राखणदार · बुधवार, सकाळी ९.०६

त्यासाठी वेगळा धागा आहे, साडेचारशे प्रतिसादांचा. इथं मणक्याचा प्रश्न चाललाय, सीमेचा नको. वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग तिकडं हलवलाय.

मच्छेकर · शुक्रवार, रात्री १०.२५

काल परत बेळगावच्या डॉक्टरांकडं गेलो. नवीन सीडी, जुनी सीडी, दोन्ही रिपोर्ट सगळं पुढं ठेवलं. जुनी सीडी त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडलीच नाही, नवी उघडली. रागावले नाहीत. लांब चित्र बघितल्या बघितल्या म्हणाले, "अरे, हा चिकटलाय." उभं राहून एक्स-रे काढायला लावला, पुढून, बाजूनं, वाकून सगळे. मणका घसरत नाही. पण खुब्याची कड बरीच वर निघाली. स्क्रीनवर त्यांनी गादीपासून बाहेर रेघ ओढली, ती सरळ हाडात घुसली. दुसऱ्या कोनातनं ओढली, तुकड्याच्या वरनंच गेली. तिसऱ्यांदा ओढलीच नाही. म्हणाले, "बाजूनं नको. मी आधी सांगितलं ते पहिल्या फिल्मवर सांगितलं होतं. मागनं जाऊ."

म्हणजे दोघांचं आता एकच. भाऊ म्हणाला मग बेळगावातच करू, आईला येऊन जाऊन बघता येईल. मी त्यांना धीर करून विचारलं, टेबलावर मणका कसा मोजणार? त्यांनी वळून बघितलं माझ्याकडं. म्हणाले, "कुठं शिकलात हे?" मी म्हटलं, नेटवर, एक फिल्मवाले काका आहेत.

काळी_फिल्म · शुक्रवार, रात्री १०.४०

😀 नाव सांगितलं नाहीत ना?

वडगाव_माग · शुक्रवार, रात्री १०.५१

दादा, देव बरं करो. आईंना सांगा आमच्या जाऊबाई परत मागावर बसल्यात.

मच्छेकर · तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ८.१५

उशीर झाला सांगायला. गेल्या मंगळवारी ऑपरेशन झालं. केवढातरी मोठा तुकडा असेल असं वाटलं होतं. डॉक्टरांनी बाटलीत दाखवला तो ओल्या काजूच्या तुकड्याएवढा, पांढरट, तंतू सुटलेला. एवढ्याशा वस्तूनं चार महिने घर बसवलं होतं. पाठीला दोन टाके. पायाची कळ शुद्धीवर आल्यावरच गेलेली. चवड्यावर अजून पूर्ण उभा राहत नाही, भिंत धरून अर्धा उचलतो. डॉक्टर म्हणाले ताकद यायला महिने लागतील, थोडी उणीव राहिलीही तर धरून चाला. वजन उचलणं बंद. फौंड्रीत सुपरवायझरशी बोलणं चाललंय, स्टोअरला घेतात का बघू. गादी परत सरकू शकते हेही सांगितलं, शंभरात पाचदहा जणांची सरकते म्हणे.

निवृत्त_सिस्टर · रविवार, सकाळी ८.४०

छान झालं. खाली वाकून काही उचलू देऊ नको, आणि संडासला जोर करू देऊ नको.

निपाणीचा_पोरगा · रविवार, सकाळी ९.३०

उत्तम. दोन्ही सीडी, एक्स-रे आणि ऑपरेशनचा कागद एका पिशवीत ठेवा. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा: 'पाचवा मणका चिकटलेला'. पुढे कधी कुणी नवा एमआरआय काढला तर परत नंबर बदलेल. आणि परत दुखलं तर रंगाचं इंजेक्शन देऊन एमआरआय काढतात, जुना व्रण आणि नवा तुकडा त्यातच वेगळे ओळखू येतात. तेव्हा शेजारी ठेवायला जुनी चित्रं लागतात.

मच्छेकर · रविवार, सकाळी ९.४८

अहो, जुनी सीडी उघडत नाही म्हणून आईनं परड्यात दोरीला बांधलीय. वाळवणावर चिमण्या येतात त्या हाकलायला.

काळी_फिल्म · रविवार, सकाळी ९.५०

सोडा ती आधी! दोरीसकट घेऊन या. माझ्या मशीनवर उघडते का बघतो.